प्रायोजकत्व संपताना : माकुएनीतल्या एका गावाच्या प्रकल्प नोंदी

४ सप्टेंबर २०२३

आजपासून हस्तांतराची फाइल माझ्याकडे. गाव किब्वेझीच्या बाजूचं, माकुएनी काउंटी, केनिया. गावाचं नाव नोंदीत लिहीत नाही, कारण यादीत मुलं आहेत.

बाल-प्रायोजकत्वाचा कार्यक्रम इथे २००८ पासून चालू आहे. परदेशातलं एखादं कुटुंब दर महिन्याला ठरलेली रक्कम भरतं. त्याला एका मुलाचा फोटो जातो, वर्षाकाठी पत्रं जातात. पैसे मात्र त्या मुलाच्या घरी पोचत नाहीत, सामायिक निधीत पडतात आणि त्यातून वर्गखोल्या, पाण्याच्या टाक्या, बाकं, दवाखान्याची प्रयोगशाळा असं काहीबाही होत राहतं. पंधरा वर्षं झाली तरी गावातल्या बऱ्याच जणांची समजूत अशी की अमक्याच्या मुलाला गोरा पाहुणा आहे, आपल्याला नाही.

जून २०२५ मध्ये कार्यक्रम बंद होणार. कागदावरचं कारण : ‘क्षेत्र स्वावलंबनाच्या टप्प्यावर’. चहाच्या वेळी ऐकलेलं कारण : नवे प्रायोजक मिळत नाहीत आणि मुख्यालयाला आता उत्तरेकडे, तुर्कानात जायचंय. दोन्ही खरी असू शकतात.

मात्र वेळ बरी नाही. ऑक्टोबर २०२० पासून सलग पाच पावसाळे वाया गेले. यंदा मार्च ते मेमध्ये थोडं बरसलं. इथली खरी भिस्त ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसावर, ज्याला सगळे ‘छोटा पाऊस’ म्हणतात. मार्च-मेचा ‘मोठा पाऊस’ नावालाच मोठा.

१९ सप्टेंबर २०२३

मुख्यालयाच्या तक्त्याला दोन रकाने आहेत, ‘संस्थेने दिलेले’ आणि ‘समुदायाचा वाटा’. दुसऱ्यात श्रमदानाचे दिवस भरायचे. मी कडेला पेन्सिलीने तिसरा रकाना आखला : गाव स्वतः चालवतं, पण आपल्याकडे त्याची नोंदच नाही असं सगळं.

तोच सगळ्यात लांब झाला. प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत आहे, शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणजे शाळा आम्ही चालवत होतो हा गैरसमज आमचाच. घरटी एक तरी माणूस नैरोबी किंवा मोंबासाला. त्याचे पैसे एम-पेसावरून (मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय) येतात आणि त्यावर घर, बियाणं, औषधपाणी चालतं. मयतीचा खर्च नातेवाइकांची समिती उचलते. बायकांचे ‘चामा’ आहेत, म्हणजे आपल्याकडच्या भिशीसारखे. आणि ‘म्वेथ्या’. कांबा लोकांची ही जुनी रीत : आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या.

शेतांचे बांध याच म्वेथ्याने घातलेत. ‘फान्या जू’ पद्धत, चर खणायचा आणि माती वरच्या अंगाला टाकायची. दोन-चार पावसांत मागे माती साचून पायरी तयार होते. १९३०च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी या मुलखाबद्दल लिहून ठेवलं होतं की जमीन धुपून संपली, माणसं जास्त झाली, इथे आता काही होणार नाही. पुढे १९९० पर्यंत तेव्हाच्या माचाकोस जिल्ह्याची लोकसंख्या पाचपट झाली (माकुएनी त्यातच होतं, १९९२ मध्ये वेगळं निघालं) आणि धूप उलट कमी झाली. आमची संस्था येण्याच्या आधी हे झालेलं आहे. हस्तांतराच्या कागदांत मात्र ‘पायाभूत क्षमता : कमी’ असं छापील लिहिलेलं आहे. तो शब्द खोडून पाठवला. बघू.

२४ नोव्हेंबर २०२३

एल निन्यो. पाच पावसाळ्यांचं देणं एका महिन्यात फिटतंय असा पाऊस.

गावाच्या खालच्या अंगाला कोरड्या नदीवर वाळूबंधारा आहे. नदीच्या पात्रात खडकावर दगडी भिंत उभी करायची. पूर येतो, बारीक गाळ पुढे वाहून जातो, जाड वाळू भिंतीमागे बसते. एक-दोन वर्षांत बंधारा वाळूने काठोकाठ भरतो आणि वाळूच्या पोटात पाणी राहतं, साधारण एकूण घनफळाच्या पाव हिश्शापासून ते चाळीस टक्क्यांपर्यंत. वरून ऊन कितीही तापो, हात-दीड हात खालचं पाणी फारसं उडत नाही, डास होत नाहीत, वाळूतून गाळूनही निघतं. उकांबानीत, म्हणजे कांबा लोकांच्या या मुलखात, असे बंधारे शेकड्यांनी आहेत. नगर जिल्ह्यात पाणलोटाच्या कामात मी भूमिगत बंधारे पाहिलेत, पण ज्या गाळाच्या भीतीने आपल्याकडे तलाव उपसत बसतात, तोच इथे कामाला लावलेला पाहून अजूनही मजा वाटते.

तर त्या बंधाऱ्याची डावी बाहू उघडी पडली. पाणी भिंतीच्या कडेने काठ कापून गेलं. भिंत शाबूत आहे, पण कडेची वाट रुंदावली तर पुढच्या पुरात नदी बंधाऱ्याला वळसा घालून जाईल आणि भिंत नुसती उभी राहील.

पाणी समितीचे अध्यक्ष कार्यालयात आले. म्हातारे गृहस्थ, सगळे त्यांना ‘म्झे’ म्हणतात. बसले, चहा घेतला, मग म्हणाले, “तुमचा बंधारा फुटतोय.”

तुमचा. बांधताना दगड त्यांनीच वाहिले, वाळू त्यांनीच आणली. सिमेंट आमचं, आणि भिंतीवरची पाटी आमची.

मी म्हटलं, निधीची या वर्षाची मागणी गेली आहे, पुढची मार्चमध्ये. ते काही बोलले नाहीत.

२ डिसेंबर २०२३

बाहूच्या कडेला पोत्यांत वाळू भरून बांध घातलाय, मागे दगडांचा सोलिंग. म्वेथ्या लागली होती. सिमेंट कोणाकडून आणलं ते विचारलं तर हार्डवेअरवाल्याकडून उधार, न्देंगूचं पीक निघाल्यावर द्यायचं. पाटी अजून आमचीच आहे. कोणी काढलेली नाही, कोणी पुसलेलीही नाही.

८ फेब्रुवारी २०२४

न्देंगू म्हणजे मूग. छोट्या पावसावर पेरतात, जानेवारी-फेब्रुवारीत तोडणी. माकुएनीचं हे नगदी पीक. जुन्या दोन जातींना लोक ‘नायलॉन’ आणि ‘अंकल’ म्हणतात. यंदा पीक उदंड, त्यामुळे भाव पडलेला. दलाल खळ्यावर येतो आणि पत्र्याच्या डब्याने मोजतो. डब्याचा तळ ठोकून खोल केलेला असतो हे सगळ्यांना माहीत आहे, दलालालाही माहीत आहे की माहीत आहे.

भारताने फेब्रुवारी २०२२ मध्ये मुगाची आयात निर्बंधित यादीत टाकली. दलाल त्याचं नाव घेऊन भाव पाडतात आणि मी भारतातली असल्याने माझ्याकडे रोखून बघतात. इथल्या मुगाचं मोठं गिऱ्हाईक नैरोबीच आहे, हे ते सांगत नाहीत.

आजची खरी नोंद : बायकांच्या बचत गटांनी मिळून तागडीचा काटा घेतला आणि हवाबंद पोती आणली. आत प्लॅस्टिकचे दोन थर, बाहेर विणलेलं पोतं. तोंड आवळून बांधलं की आतला प्राणवायू संपतो आणि भुंगे मरतात. औषध नको, राख नको. मूग ठेवायचा आणि भाव चढल्यावर विकायचा, एवढीच युक्ती. आजवर तो ठेवता येत नव्हता कारण जानेवारीत शाळेची फी भरायची असते, आणि ठेवला तर भुंगा खायचा.

आता फीसाठी गटाकडून कर्ज, मूग पोत्यात. यात आमचा एक शिलिंग नाही. आमच्या संस्थेने २०१५ च्या सुमारास मूग-खरेदी केंद्राची खोली बांधली होती. तिच्यात सध्या शेळ्या असतात.

१७ मे २०२४

पत्रांचा दिवस. शेवटच्या फेऱ्यांपैकी एक.

शाळेच्या व्हरांड्यात मुलं रांगेने बसतात, समोर छापील नमुना : माझं आवडतं काम, आमच्याकडचं हवामान, आमच्याकडे कोणते प्राणी आहेत, तुमचे आभार. मोठी मुलं सरावलेली आहेत. शेळीला पिल्लू झालं हे चालतं. शेळी मेली हे लिहिलं तर शिक्षक पुन्हा लिहायला लावतात, कारण मागे एकदा असं पत्र वाचून प्रायोजकाने शेळीचे पैसे पाठवले होते आणि मग महिनाभर सगळ्यांच्या शेळ्या मरत होत्या.

एका मुलीने विचारलं, कार्यक्रम संपल्यावरही पत्र लिहिता येईल का. येत नाही. संपर्क संस्थेमार्फतच, आणि संस्था जाणार. नियम मुलांच्या सुरक्षेसाठी आहे आणि बरोबर आहे. तिच्या पत्रातल्या बाईंनी सहा वर्षं तिच्या वाढदिवसाला कार्ड पाठवलेलं आहे, हेही खरं. तिला नियम सांगितला. तिने पत्राच्या खाली मोठं फूल काढलं आणि कागद दिला. नववीतला एक मुलगा मात्र खूश. वर्षातून एकदा धुतलेला गणवेश घालून भिंतीपुढे उभं राहायचं, त्यातून सुटका.

या पद्धतीने काहीच साधलं नाही असं नाही. २०१३ मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांनी केनियासह सहा देशांतल्या प्रायोजित मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, दुसऱ्या एका संस्थेच्या कार्यक्रमाचा. प्रायोजित मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती. ही लहान गोष्ट नाही. आमच्या जुन्या यादीतली एक मुलगी आज किब्वेझीला नर्स आहे. तिला विचारलं तर म्हणते, फी मिळाली ते बरं झालं, आणि फोटो कधी आवडला नाही. दोन्ही वाक्यं एका दमात.

आता प्रश्न फीचा. दिवसशाळेत माध्यमिक शिक्षणाला सरकार दर मुलामागे वर्षाला २२,२४४ शिलिंग देतं असं ठरलेलं आहे. ते हप्त्याहप्त्याने येतं. मधल्या काळात शाळा दुपारच्या जेवणाचे पैसे मागते आणि ते नसले की मूल घरी. हे भगदाड आमचा निधी बुजवत होता. पालकसभेत ठरलं की पैशांऐवजी धान्य द्यायचं, मका आणि घेवडा. तेच शिजवून इस्यो. लाकूड प्रत्येक मूल आठवड्याला एक मोळी. मुख्याध्यापक आधी कुरकुरले, धान्याचा हिशेब ठेवायला माणूस लागेल म्हणून. एका आजीने सांगितलं, मी येते. तिला लिहिता येत नाही, मापटं येतं.

१९ जुलै २०२४

बायकांच्या बचत गटाच्या पेटीचं वाटप. दिवसभर बसून पाहिलं.

ही पद्धत नायजरच्या मराडी भागात १९९१ मध्ये सुरू झाली आणि सगळ्या आफ्रिकेत पसरली. पत्र्याची पेटी, तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन बायकांकडे, पेटी चौथीकडे. प्रत्येक बैठकीत एकीने एक ते पाच हिस्से घ्यायचे, पासबुकात तेवढे शिक्के. कर्ज आपल्या बचतीच्या तिप्पट मिळतं. आजारपण-मयतीचा डबा वेगळा. सगळा व्यवहार सगळ्यांसमोर, आणि मागच्या बैठकीची शिल्लक तोंडपाठ म्हणायची.

वर्षअखेर पेटी रिकामी करतात. मुद्दल, व्याज, दंड सगळं हिश्शांप्रमाणे वाटून शून्यावर यायचं, मग पुन्हा पहिला शिक्का.

आपल्याकडचा बचत गट पैसे साठवत जातो, बँकेशी जोडला जातो, त्याची वर्षानुवर्षांची खतावणी होते. मला सुरुवातीला ही रिकामी करायची रीत उधळपट्टी वाटत असे. आज तीन तास मोजणी पाहिल्यावर मत पक्कं झालं : ज्या गटात निम्म्यांना वाचता येत नाही तिथे चूक किंवा लबाडी एका वर्षापेक्षा जास्त जगू नये, याची ही सोय आहे. नको असलेली बाई भांडण न करता याच दिवशी बाहेर पडते.

पैसे कुठे चालले ते विचारलं. पत्रे, पाण्याची टाकी, शेळी, मुलाच्या कॉलेजचा हप्ता. एकीने सांगितलं, सासूला न विचारता काहीतरी. नैरोबीहून येणारे पैसे मात्र रोडावलेत. जूनमध्ये वित्त विधेयकाविरुद्ध निदर्शनं झाली, २५ तारखेला लोक संसदेत घुसले, दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी विधेयक मागे घेतलं. इथल्या बऱ्याच जणांची पोरं त्या गर्दीत होती. शहरातल्या किरकोळ धंद्यांना फटका बसला की तो इथे आठवड्याभरात पोचतो. स्वावलंबी गाव म्हणजे बाहेरून काही येत नाही असं गाव, ही कल्पना तेवढी तपासून घ्यायला हवी.

परत येताना माकिंदूच्या गुरुद्वारात जेवले. रेल्वेवर आलेल्या शीख कामगारांनी १९२६ मध्ये बांधलेला. मोंबासा रस्त्यावरचे ट्रकवाले, मसाई, कांबा, कोणीही येतो आणि लंगरमध्ये बसतो. जवळपास शंभर वर्षं चाललंय आणि जेवणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही.

१० ऑक्टोबर २०२४

वॉर्डाची सभा. आजवरची सगळ्यात महत्त्वाची नोंद मी हीच मानते.

२०१० च्या राज्यघटनेनंतर २०१३ पासून केनियात काउंट्या आल्या. दवाखाने आणि पाणी त्यांच्याकडे गेलं. माकुएनीत लोकांच्या सभांची उतरंड आहे : गाव, गावगट, मग उपवॉर्ड, वॉर्ड. खालून मागण्या वर जातात. मंजूर कामाला गावाची प्रकल्प समिती असते आणि तिची सही झाल्याशिवाय कंत्राटदाराचं बिल निघत नाही. इतर काउंट्यांचे लोक हे पाहायला इथे येतात.

आमच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाचा पगार संस्था देते. जूननंतर कोण? सभेला दुसऱ्या एका संस्थेचे पाहुणे आले होते. त्यांनी उठून कौतुक केलं, की या गावाचे गट इतके मजबूत आहेत, महिन्याला घरटी थोडं काढलं तर तंत्रज्ञाचा पगार गावच देऊ शकेल, आणि ते खऱ्या स्वावलंबनाचं उदाहरण ठरेल.

पाणी समितीच्या खजिनदारीणबाई उठल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, “साखर घेताना कर भरतो. एम-पेसावर पैसे पाठवताना भरतो. या महिन्यापासून त्या नव्या आरोग्य योजनेतही भरायचं म्हणता. मग त्याच माणसासाठी चौथ्यांदा आम्हीच का भरायचं?”

नवी योजना म्हणजे एसएचए (सोशल हेल्थ ऑथॉरिटी). १ ऑक्टोबरपासून जुन्या आरोग्य विम्याच्या जागी आली. पगारदारांना २.७५ टक्के, बाकीच्यांना महिन्याला किमान ३०० शिलिंग.

मागणी वॉर्डाच्या यादीत लिहून घेतली गेली. पाहुण्यांचा हेतू चांगला होता. पण आमच्या क्षेत्रातली ही जुनी खोड : गावाने आपल्या पायांवर उभं राहावं म्हणताना आपण सरकारचे पाय मोजत नाही. पाणलोटाच्या कामात ‘आधी श्रमदान, मग निधी’ ही अट मी स्वतः राबवलेली आहे आणि ती मला पटते, पण ती बांधाला लागू पडते. दवाखान्याला नाही.

४ फेब्रुवारी २०२५

अमेरिकेने २० जानेवारीला परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी थांबवली. आमचा पैसा तिथला नाही. पण केनियातल्या एचआयव्ही उपचारांचा मोठा भार त्याच पैशावर, आणि अनेक ठिकाणचे समुपदेशक, नोंदी ठेवणारे, औषधं पोचवणारे एका रात्रीत घरी बसलेत. गावातल्या दोन बायका माझ्याकडे आल्या, गोळ्या बंद होणार का विचारायला. सरकारी दवाखान्यात जाऊन साठा विचारून आले. सध्या आहे.

आमच्या हस्तांतराला जवळपास दोन वर्षं मिळाली. तिकडे एक आठवडाही नाही. मुख्यालयातून मेल आला की हा क्षण ‘स्थानिक नेतृत्वासाठी संधी’ आहे. उत्तर दिलं नाही.

२६ मार्च २०२५

पाणी समितीची वही पाहताना कळलं, फेब्रुवारीत बंधाऱ्यावरच्या विहिरीचा हातपंप बंद पडला होता. आफ्रिडेव्ह पंप. त्यातलं रबरी यू-सील झिजतं, दांडा वर काढून बदलावं लागतं, अवघड नाही. वहीत लिहिलंय : सील, दोन, बोडाबोडाचं (भाड्याच्या मोटारसायकलचं) भाडं, दुरुस्ती करणाऱ्या दोघींना चहा-पाव. २० लिटरच्या डब्यामागे ३ शिलिंग घेतात, त्यातून भागवलं. मला कोणी कळवलं नाही.

१२ जून २०२५

मालमत्तेचं हस्तांतर. मुख्यालयाची यादी : कार्यालयाची इमारत, पिकअप, जनरेटर, दोन संगणक, खुर्च्या, मूग-खरेदीची खोली.

गावाच्या संयुक्त समितीने (सामुदायिक गट नोंदणी कायदा, २०२२ खाली नोंदणी झालेली) यादी वाचली आणि दोन तास चर्चा केली. इमारत घेतली. खुर्च्या घेतल्या. पिकअप नाकारली. टायर, विमा, ड्रायव्हर, आणि लग्न-मयतीला प्रत्येक जण मागणार, नाही म्हटलं की वैर. जनरेटर नाकारला, डिझेल पितो म्हणून, शिवाय सौर पॅनेल आहेच. खरेदीची खोली घेतली, शेळ्यांसकट.

मुख्यालय गोंधळलंय. दिलेली वस्तू समुदायाने परत करण्यासाठी अर्ज नाही. ‘लाभार्थ्याची असहमती’ असा रकाना मी हाताने जोडला.

तंत्रज्ञाच्या नेमणुकीचा कागद काउंटीकडून आला आहे, जुलैपासून. मूग पुन्हा पोत्यांत आहे. यंदाचा मोठा पाऊस जेमतेम झाला, आणि दोन पावसाळे ओळीने गेले तर पेटीतली कर्जं थकतील, हे त्या बायकाच सांगतात. त्यासाठी त्यांनी मयतीच्या डब्यासारखा दुष्काळाचा वेगळा डबा सुरू केलाय. किती दिवस पुरेल, असं विचारलं. “एक पावसाळा,” खजिनदारीणबाई म्हणाल्या. “दुसऱ्याला सरकारला जागं करू.”

२१ ऑगस्ट २०२५

आता नैरोबीतून. कार्यक्रम बंद झाला, पण लेखापरीक्षण होईपर्यंत जुन्या फायलींची खोकी त्याच इमारतीत, मागच्या खोलीत राहिली आहेत. पुढच्या खोल्या समितीने बी-बियाणं विकणाऱ्या एकाला भाड्याने दिल्यात.

समितीकडून व्हॉट्सॲपवर कागद आला, शिक्क्यासह : मागच्या खोलीचं भाडं, जुलै आणि ऑगस्ट, महिना ५०० शिलिंग. खाली एम-पेसाचा नंबर आणि ‘वेळेवर भरावे’.

भरले. लेखा विभागाचा फोन आला, समुदायाला दिलेला हा पैसा कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, क्षमताबांधणी की मदत? म्हटलं, भाडे. त्यांच्या प्रणालीत या गावासमोर तो पर्याय येत नाही. पावती जोडून पुन्हा पाठवली आहे, आणि सप्टेंबरच्या आत खोकी हलवायला गाडी मागितली आहे, नाहीतर भाडं वाढेल असं समितीने कळवलंय.